झाकलेला लाल रंग

मित्रांनो, पेशी कशा मरतात ते दाखवण्यात माझं आयुष्य गेलं. मी एक जुना सूक्ष्मदर्शक. राहुरीजवळच्या एका महाविद्यालयात खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. मी आलो तेव्हा मला हार घातला, पेढे वाटले. शिपाई हनुमंत रोज मऊ फडक्याने माझी भिंगं पुसायचा.

संशोधन करणारी ज्ञानेश्वरी तासन्‌ तास माझ्यापाशी बसे. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचं असतं. त्यातला एक पदार्थ निरोगी पेशी आतल्याच थरात राखते. पेशी ठरल्या क्रमाने मरू लागली, की तो बाहेरच्या थरावर येतो. ती खूण ओळखून सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. ज्ञानेश्वरी त्या खुणेला हिरवा रंग लावी. दुसरा रंग लाल. तो आवरण फाटलेल्या पेशीतच शिरतो.

तिचे मार्गदर्शक कल्याण सर एका रानवनस्पतीच्या काढ्याने कर्करोगाच्या पेशी मारू पाहत होते. काढा घातला आणि पेशींवर हिरवी कडी उजळली. सर हरखले. पण आत लालही भरला होता.

"सर, या पेशी ठरल्या क्रमाने मेल्या नाहीत, फुटल्यात," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आवरण फाटलं की हिरवा रंग आतल्या थरालाही चिकटतो. आणि निरोगी पेशीसुद्धा अशाच फुटतायत."

"लाल बंद कर आणि फोटो काढ."

तिने नकार दिला. सरांनी तिला कामावरून दूर केलं आणि फोटो स्वतः काढला. मी दोन्ही रंग दाखवत होतो, त्यांनी एकच घेतला.

कर्करोगावर औषध सापडलं म्हणून तो फोटो वर्तमानपत्रात छापून आला. हनुमंतची बायको साळूबाई तेव्हा कर्करोगावर नगरला उपचार घेत होती. सलाईनमधून दिलेल्या औषधाने उलट्या होऊन बेजार झाली होती. हनुमंतने सरांकडून काढा मागून घेतला. ज्ञानेश्वरी आपलं सामान न्यायला आली, तेव्हा तिला हे कळलं.

"मामा, दवाखाना सोडू नका. हा काढा चांगल्या पेशीही फोडतो."

"पन पेपरात आलंय न्हवं? सर कशाला खोटं बोलतील? आन्‌ ती म्हनती, सलाईन नगं, हेच बरं."

साळूबाईने दिवाळी पाहिली नाही.

हनुमंत कामावर परतला, तो थेट सरांपुढे उभा राहिला. "सर, आमचं काय चुकलं वो?"

"आजार फार पुढे गेला होता," सर मोबाईलमध्ये पाहत म्हणाले.

मग तो माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत तो माझ्यात कधी डोकावला नव्हता. त्या दिवशी त्याने डोळा लावला. माझा दिवा बंद होता.

"सगळं काळंच हाय," तो पुटपुटला. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही.

आता माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. सर नव्या यंत्रावर बसतात. त्यांच्या दालनाबाहेर तो हिरवा फोटो चौकटीत लावला आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक झाकून ठेवा, त्याला जपा. पण ज्याच्या घरात आजार आहे, त्याला खुर्ची द्या, दिवा लावा आणि जे आहे ते सगळं पाहू द्या. हनुमंतला कुणी बस म्हटलं नाही.