श्रेयसचा चमकता फोटो

माहा लहान भाऊ श्रेयस जोरात हासला का पडे. उभा असला तरी गुडघ्यातून खाली. सात वर्षांचं पोट्टं, मले वाटे नाटकं करते. दोनदा झापडही हानली. मंग एक दिवस पाह्यलं, पायऱ्या उतरताना त्याचे डोळे खाली जातच नव्हते, सारी मुंडीच वाकवे. मायले सांगतलं, तवा दवाखाना सुरू झाला.

मोठ्या दवाखान्यातल्या नीरजा मॅडमनं त्याच्या दंडाची इवलीशी कातडी काढली. म्हणल्या, "यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवतील. मग त्यांच्यावर एक रंग टाकतील. तो आतल्या चरबीला चिकटतो आणि खास दिव्याखाली निळा चमकतो." पुढचं मी ऐकलंच नाही. श्रेयस बाकावरून घसरून राह्यला होता.

दोन महिन्यांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. मी नववीतच शाळा सोडली, डोणगावात मोबाइल दुरुस्त करतो. सारं इंग्रजी, समजलं काईच नाही. खाली दोन फोटो. एक काळाकुट्ट, कुठं कुठं बारीक ठिपका. दुसऱ्यात पेशी निळ्याशार चमकून राह्यल्या, अन् त्याच्याखाली श्रेयसचं नाव. आमच्या धंद्यात स्क्रीनले उजेड आला म्हणजे फोन जित्ता, काळी राह्यली म्हणजे गेला.

पळतच घरी आलो. "माय, चांगला आला! पाह्य कसा चमकून राह्यला!"

मायनं मोबाइलचाच मुका घेतला. दुपारी विहारात खीर वाटाले घेतली. शेजारची सिंधूताई म्हणे, "सुवर्णा, साखर जरा हात सोडून टाकली वं तू!"

"टाकीन नाही तं काय! पोरगं वाचलं माहं!"

तेवढ्यात मॅडमचा फोन. मी बाहेर आलो.

"रिपोर्ट पाहिलास ना, प्रसेनजित?"

"हाव मॅडम. कसा चमकून राह्यला!"

त्या हळूच म्हणल्या, "चमकायला नको होता रे. ती चरबी पेशीतून बाहेर जायला हवी, त्याच्या पेशीत ती साचून राहिली आहे. काळा फोटो निरोगी माणसाचा आहे."

"नावं इकडचे तिकडे झाले असतील! नीट पाहता का नाही तुमी लोकं?"

"दोनदा पाहिलं."

"मंग औषध द्या ना!"

"देऊ. आजार थोडा हळू वाढेल. बरा नाही होणार."

मी काय काय बोललो त्यायले, मलेच ठावूक नाही. फोन त्यायनं नाही, मीच कापला.

आत मायनं मले पाह्यलं. "कोनाचा फोन व्हता रे? जाऊ दे, आधी लाइनीत लाग, तुले का वेगळी वाढू?"

लागलो लाइनीत. पुढं सहा-सात लेकरं होती. मागून एक पोरगी आली, तिले म्हणलं तू जाय पुढं. मंग एक म्हातारा आला, त्यालेही पुढं सोडलं. मंग मागं कोनीच नाही राह्यलं.

मायनं पळी भरली. "वाटी कुठी हाय तुही?"

"माय," म्हणलं, "पळी ठेव खाली."