दोन अंगठे कमी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, जवळा बाजारच्या आठवडी बाजाराच्या पटांगणामागे, बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवताना लालभडक तापलेली धाव, म्हणजे चाकाचं लोखंडी कडं, अडकली. एका बाजूनं ती बसली, दुसऱ्या बाजूनं वीतभर वरच राहिली, आणि खालच्या बाभळीच्या लाकडानं पेट घेतला.

रत्नपालनं भरलेली बादली उचलली.

"पाणी नको!" ग्यानबा मिस्त्री ओरडले. "तिरपी बसली तशीच गार झाली तर चाकाचा चुरा करंल. आधी लोखंड काढा. पहार घे, धनसिंग! अरे खालून, खालून घाल!"

धनसिंगनं पहार खालून घातली. रत्नपालनं बादली ठेवली, दुसरी पहार घेतली आणि जळत्या लाकडाकडे न बघता जोर लावला. धूर डोळ्यांत गेला. वर्गातली बाकीची पोरं सांडशी घेऊन धावली. एक हिसका, दुसरा हिसका, आणि धाव निसटली ती लोळत जाऊन धुळीत पडली. कडेला उभा असलेला लालसिंग राठोड उडी मारून बाजूला झाला म्हणून त्याचे पाय वाचले.

"आता पाणी!"

बादल्या रिकाम्या झाल्या. चाक फुसफुसलं आणि काळं होऊन गप्प पडलं.

कडुनिंबाखाली दगडावर मजा बघत बसलेल्या किसनरावांनी तेवढ्यात तोंड उघडलं. "मिस्त्री, होळीला अजून चार महिने हायत. एवढी काय घाई होती?"

कुणी हसलं नाही. रत्नपाल चाकाकडे बघत उभा होता. त्याच्या लेखी ते फक्त लालसिंगच्या गाडीचं चाक नव्हतं.

साल दोन हजार, कार्तिक महिना. एका संस्थेनं जवळ्यात कारागिरीचा वर्ग काढला होता. पत्र्याच्या शेडमध्ये एका अंगाला सुतारकाम, दुसऱ्या अंगाला भाता आणि ऐरण. सुतारकाम शिकवायला ग्यानबा पांचाळ आणि लोहारकामाला सोपानराव. मृगाला वर्ग भरला तेव्हा शेड पोरांनी भरून गेलं होतं. सोयाबीन काढणीला निम्मी पोरं गळाली, दिवाळीला आणखी काही. उरली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला रत्नपाल एकच असा, की जो सुट्टीच्या दिवशीही येऊन चाकाचे आरे तासत बसायचा.

ग्यानबा मिस्त्रींची दोन्ही पोरं पुण्याला कंपनीत. घरामागचं सुतारनेट, म्हणजे बापजाद्यांपासूनची कामाची जागा, मिस्त्रींमागं बंद पडणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिथं पांचाळांखेरीज कुणी कधी बसलं नव्हतं. रत्नपाल बौद्धवाड्यातला. त्याची आई भागूबाई दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. पुण्याहून मावसभावाचे निरोपावर निरोप येत होते, बिगारी काम तयार आहे, ये म्हणून. भागूबाईनंच एके दिवशी सुतारनेटासमोर उभं राहून सरळ विचारलं होतं, "मिस्त्री, तुमच्या हाताखाली माझ्या लेकराला घेता का? न्हाई म्हणत असाल तर तसं सांगा. म्या त्याला पुण्याला धाडते."

मिस्त्रींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लालसिंगच्या गाडीचं चाक तेव्हाच वर्गात आलं होतं. ते रत्नपालच्या हाती देत ते म्हणाले, "हे चाक वसमतला जाऊन, हंगामभर वझं वाहून परत येऊ दे. मग बोलू."

लालसिंगचा तांडा दर वर्षी ऊसतोडीला वसमतकडे जायचा. उद्या पहाटे टोळी निघणार होती. संसार गाडीत आणि गाडीला चाक नाही, अशी लालसिंगची गत. ग्यानबा मिस्त्रींच्या शब्दावर तो पोरांच्या हातचं चाक घ्यायला तयार झाला होता.

"ग्यानबादादा," लालसिंग आता म्हणाला, "म्या काय डोक्यावर जातं घेऊन जाऊ का वसमतला? सांगा तसं. बायकोला सांगावं लागंल, मान तयार ठेव म्हणून."

"थांब जरा."

"थांबूनच राहिलो की सकाळपासून."

"किसनरावाकडून टायरची गाडी माग," वर्गातलं एक पोरगं म्हणालं.

"माझी टायरची गाडी मी कुणाला देत नसतो," किसनराव म्हणाले. "पण घ्यायचीच आसंल तर टायरचीच घ्यावी माणसानं. हवा भरली की चालली. न्हाई धाव, न्हाई धूर. अन् ज्याचं त्याला काम करू द्यावं, म्हणजे असं होत न्हाई."

शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. रत्नपालची कानशिलं तापली. मिस्त्रींनी किसनरावांकडे पाहिलंच नाही. ते धुळीतल्या धावेपाशी बसले, ती निवू दिली, मग तिच्याभोवती सुतळी फिरवली. तीच सुतळी चाकाभोवती फिरवली. दोन्हींतला फरक पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"चाक तू मोजलं?"

"व्हय," रत्नपाल म्हणाला.

"सुतळी धनसिंगला कुणी दिली?"

"मीच. गाठ मारून."

"गाठ कुठं मारली?"

"अंगठाभर आत. तुमीच सांगितलं व्हतं, धाव चाकापेक्षा अंगठाभर कमी लागती. तापली की वाढती, गार झाली की आवळती. मी बराबर माझा अंगठा ठेवून गाठ मारली."

मिस्त्रींनी मान वळवली. "अन् तू रे, धनसिंग? सुतळी लावून पट्टी कशी तोडली?"

धनसिंग लालसिंगच्याच तांड्यावरचा. पाच महिन्यांत भात्यावर त्याचे हात भाजून निबर झाले होते. "सोपानकाकांनी शिकविलं तशी. सुताराची सुतळी आली की अंगठाभर कमी धरायचं अन् मग तोडायचं." बोलता बोलताच त्याचा आवाज खाली गेला. "म्हंजी... यानंबी धरला, अन् मीबी धरला?"

त्या मुलखात चाकाला दोन हात लागत, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असे. लाकडाचं माप सुतारानं पुरतं द्यायचं. लोखंडातला अंगठा लोहारानं धरायचा. सुतारानं लोखंडाच्या मापात बोट घालायचं नाही. ग्यानबा आणि सोपानराव उभ्या जन्मात याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, कारण बोलायची गरजच पडली नव्हती. म्हणून पोरांनाही कुणी सांगितलं नाही. सोपानराव शेडमध्ये असते तर त्यांनी सुतळी हातात घेताच विचारलं असतं. पण सोपानराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेले होते, आणि दोन पोरांनी आपापलं काम चोख केलं होतं.

"दोन अंगठे," मिस्त्री म्हणाले. "इस्तवात घातली तरी एवढी वाढत न्हाई ती."

"चूक माझी हाय," रत्नपाल म्हणाला.

"चूक दोघांची न्हाई. सांगायचं राहिलं ते माझं." मिस्त्री उठले. "चूक नंतर वाटून घेऊ. आधी बघू काय उरलं."

धाव लांबवायची तर तिला पुन्हा तापवून घणाखाली पातळ करावं लागलं असतं. ते काम सोपानरावांच्या हाताचं, धनसिंगच्या नव्हे. नवी पट्टी हिंगोलीहून आणायची तर पुढचा दिवस गेला असता. तांड्याची टोळी कुणासाठी थांबत नाही. लालसिंगनं आता थट्टा सोडली होती.

मिस्त्रींनी रत्नपालच्या हातात जुनी कानस दिली. "कोळसा खरवड. लाकूड कुठवर जळलं ते दिसू दे. आऱ्यापर्यंत आग गेली आसंल तर चाक सरपणात टाकायचं. मग बोलायलाच नको."

रत्नपालनं चाक तिवईवर घेतलं आणि कोळसा खरवडायला लागला. त्याच्या मनात एकच होतं: आरे. परिघाच्या पाट्यांमधून आऱ्यांची टोकं दिसत होती, तिथं आग शिरली असली तर काम संपलं. तो एक एक टोक नखानं दाबून पाहत गेला. पहिलं घट्ट. दुसरं घट्ट. एका ठिकाणी नख रुतलं. पण ते वरचं साल होतं. खाली लाकूड पिवळं, कोरडं, पक्कं होतं. असा त्यानं पूर्ण फेरा केला.

"आत न्हाई गेली," तो म्हणाला.

"आरे?"

"समदे पक्के हायत."

मग त्यानं सवयीनं सुतळी उचलली. काम झालं की मोजायचं, हे मिस्त्रींनी त्याच्या अंगात मुरवलं होतं. चाकाभोवती सुतळी फिरवून त्यानं टोक गाठीपाशी आणलं आणि तिथंच थांबला. पुन्हा फिरवली.

"मिस्त्री, हिकडं या की."

"काय झालं?"

"चाक लहान झालं."

"चाक लहान न्हाई व्हणार तर काय मोठं व्हणार जळून?" किसनराव दगडावरून म्हणाले.

पण मिस्त्री झटकन आले. त्यांनी सुतळी स्वतः फिरवली, टोक धरलं, गाठ पाहिली. मघाशी गाठ अंगठाभर तोकडी पडत होती. आता ती जवळजवळ टोकाला भिडत होती. परिघावर सगळीकडून जोंधळ्याच्या दाण्याएवढं लाकूड जळून गेलं होतं, आणि तेवढ्यानं चाकाच्या फेऱ्यात जवळपास एक अंगठा उतरला होता.

म्हणजे गाठीचं माप हेच आता चाकाचं पुरतं माप होत आलं होतं. आणि धनसिंगनं त्यातून एक अंगठा धरलेलाच होता.

मिस्त्रींनी मिशीवरचा घाम पुसला. "आगीनं निम्मं काम केलंय. उरलेलं आपण करू. पण एक ध्यानात ठेव. आग समदीकडं सारखी लागत न्हाई. एका अंगाला जास्त गेलं, दुसऱ्या अंगाला कमी. चाक गोल राहिलं पायजे. न्हाईतर लालसिंगची बायको गाडीत बसून वसमतपर्यंत उचक्या देत जाईल."

"ती तशीबी देती," लालसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ओल आली.

तुंब्याच्या, म्हणजे आरे बसतात त्या मधल्या लाकडाच्या, मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला कोळसा, आणि परिघावर रेघ फिरवली. मग मिस्त्री एका बाजूला बसले आणि रत्नपाल समोरच्या बाजूला. मिस्त्रींनी आपला वाकस, म्हणजे तासणी, दुसऱ्याच्या हातात कधी दिला नव्हता. आताही दिला नाही. रत्नपालनं वर्गाचा घेतला. दोघं समोरासमोर तासत होते, आणि रेघ आली की थांबत होते. बाजाराकडून येणारी जाणारी माणसं थांबून पाहायला लागली. दिवस कलला. धनसिंगनं गोवऱ्यांचा नवा गोल रचला, धाव त्यात पुरली आणि वर पुन्हा गोवऱ्या घातल्या.

सुतळी शेवटची फिरली तेव्हा टोक आणि गाठ एकमेकांना टेकली.

"लावा," मिस्त्री म्हणाले.

धाव लाल झाली. चार सांडशींनी उचलली. रत्नपालनं आपली सांडशी दोन्ही हातांनी आवळली. धाव चाकावर आली, क्षणभर कडेवर तोलली, आणि घणाचा पहिला ठोका बसायच्या आधीच निम्मी खाली उतरली. धनसिंगनं फिरत फिरत ठोके घातले. ज्वाळा उठल्या, पण आता सगळीकडून सारख्या.

"आता! पाणी!"

वाफेचा लोट उठला. आणि त्या वाफेतून आवाज यायला लागला: कड, कड, कड. आवळत्या लोखंडाखाली पाट्यांचे सांधे एकमेकांत शिरत होते, आरे तुंब्यात बसत होते. ऐकणाऱ्याला वाटावं चाक मोडतंय. रत्नपालला माहीत होतं की चाक बांधलं जातंय. तो रिकामी बादली हातात धरून तसाच उभा राहिला आणि त्याला हसू यायला लागलं, थांबेचना.

मिस्त्रींनी हातोडीनं आऱ्यावर टोला दिला. खणखणीत आवाज आला. सगळ्या आऱ्यांवर एकेक टोला देऊन त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि जमिनीवर बसकण मारली.

"ग्यानबादादा," लालसिंग म्हणाला, "दुसऱ्या चाकापेक्षा हे बारीक झालं की. गाडी एका अंगानं कलंल."

"जोंधळ्याच्या दाण्याएवढी. तेवढी तर वसमतची सडकच वाकडी हाय."

आता लोक हसले. लालसिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं, आणि रत्नपालच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. किसनराव उठले, धोतर झटकलं, चाकाजवळ आले आणि धावेवर थुंकीचं बोट लावून पाहिलं. बोट चर्रकन भाजलं. बोट तोंडात घालून ते घराकडे गेले.

पहाटे टोळी निघाली. रत्नपाल सडकेवर जाऊन उभा होता. लालसिंगच्या गाडीत जातं होतं, ज्वारीची पोती होती, कोंबड्यांचा डालगा होता, आणि सगळ्यांत वर त्याची बायको. ती उचक्या देत नव्हती. गाडी औंढ्याच्या फाट्याकडे वळून दिसेनाशी झाली. त्यानंतर रत्नपाल घरी जाऊन झोपला, तो भागूबाईनं जेवायला उठवेपर्यंत.

संक्रांतीच्या बाजाराला तांड्यावरचा एक जण वसमतहून आला होता. चाक वाजत नाही, धाव हलली नाही, एवढं त्यानं सांगितलं. रत्नपालनं ते मिस्त्रींच्या कानावर घातलं. मिस्त्री "बरं" म्हणाले. तोवर वर्ग संपला होता. पुण्याचा निरोप पुन्हा आला, तेव्हा भागूबाईनं "शिमग्यानंतर बघू" असं उलट कळवलं. रत्नपाल रोज सकाळी सुतारनेटावर जाऊन अंगण झाडायचा, हत्यारांना धार लावायचा. मिस्त्रींनी त्याला ये म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं.

शिमगा झाला. ऊस संपला, तांड्यावर गाड्या परतायला लागल्या. लालसिंगची गाडी त्यांत नव्हती. पूर्णा नदीच्या पलीकडे दुसऱ्या एका कारखान्याला अजून ऊस आहे, तो तिकडं गेला, असं धनसिंग सांगत होता. कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि चाक परत येईपर्यंत मिस्त्री काही ठरवणार नव्हते.