रक्त मुतणारा ससा

जळोची गावात त्या दिवशी सिंधुबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, बाप्ये टाचा उंचावून बघत होते. आणि बघत काय होते? एक ससा! कापश्या त्याचं नाव. दोन वर्षं हा प्राणी कोपऱ्यातल्या भुशाच्या घमेल्यात शहाण्यासारखा आपला कार्यभाग उरकायचा. आठवड्यापूर्वी त्यानं घमेलं सोडलं आणि तो थेट सूनबाईच्या, वैष्णवीच्या गोधडीवर मुतायला लागला. तेही लालभडक!

"रगात!" म्हणून सिंधुबाईंनी बोंब ठोकली आणि शेजारणींनी ती गावभर पोचवली. मग म्हस्कूनाथ महाराजांना बोलावणं गेलं. चार वर्षांपूर्वी हा इसम इंदापूरच्या बाजारात ससे-कोंबड्या विकायचा. आता अंगावर भगवी शाल, गळ्यात सुपारीएवढे मणी आणि डोळे कायम अर्धे मिटलेले.

"माय, ह्यो ससा न्हाय, आरसा हाय," महाराज घुमले. "पोटातल्या लेकराचं रगात हडळ वडून घ्येतीया. सूनबाईला औषध काय चालू हाय?"

"लोहाच्या गोळ्या. रगात सातावर आलंय म्हून डाक्टरनी दिल्यात."

"बंद करा! लोखंडाच्या वासानंच ती आत शिरली."

गर्दीतली एक म्हातारी चाचरत म्हणाली, "अवो म्हाराज, आमी तर भूत येऊ नये म्हून बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठिवतो!"

"उशाखाली ठिवायचं असतंय, पोटात न्हाय!"

वा रे उत्तर! आणि गर्दीनं माना डोलावल्या.

"तीन दिस सुनंच्या कपाळाला माझा अंगारा, आन् सशाला उपास. निस्तं वाळलं गवत. चौथ्या दिशी लाल थांबलं, की समजा माझा अंगारा लागू पडला. मग दवाखाना न्हाय. बाळंतपण घरात, माझ्या देखरेखीखाली."

सातवा महिना लागलेल्या वैष्णवीला दोन पायऱ्या चढल्या तरी अंधारी यायची. ती म्हणाली, "आत्या, गोळ्या बंद नका करू. लेकराच्या जिवावर बेतंल."

"तुझ्याच भल्याचं चाललंय समदं," म्हणत सासूनं गोळ्या ट्रंकेत कुलपात टाकल्या.

चीड येते ती इथंच. सिंधुबाईंची माया खोटी नव्हती. सुनेचं रक्त वाढावं म्हणून त्या आठवड्यापासून रोज दोन बिटं स्वतः किसून द्यायच्या, तिला सशाच्या वासानं मळमळतं म्हणून तेव्हापासूनच घमेलं फिनेलनं घासायच्या. इतकी माया, आणि अक्कल एका शालवाल्याकडे गहाण!

दुसऱ्या दिवशी कापश्यापुढे गवत टाकताना वैष्णवीचा हात थांबला. बाधा बाईला, आणि उपास सशाला? इतके दिवस ह्याच्यापुढं काय पडत होतं? बिटाच्या साली अन् पाला! बीट घरात आलं, तेव्हापासूनच लाल सुरू झालं होतं.

तिनं नवऱ्याला, विशालला गाठलं. "जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा."

"आईला कळलं तर?"

"आईचं मी बघते. तुमी फोन लावा."

डॉक्टर फोनवर हसले. बीट खाल्लं की सशाची लघवी लाल होऊ शकते. बीट थांबवूनही लाल राहिली, तर मात्र रक्त असेल, लगेच घेऊन या. आणि फिनेलचा उग्र वास सशाला सोसत नाही, घमेलं साध्या पाण्यानं धुवा.

वैष्णवीनं हे सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "डाक्टरला हडळीतलं काय कळतंय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी साधी, पिवळसर झाली. सिंधुबाईंनी देवापुढं साखर ठेवली. वैष्णवीनं घमेलं साध्या पाण्यानं धुतलं, नवा भुसा भरला, आणि दुपारपासून कापश्याला पाल्यासकट बिटं घातली.

चौथ्या दिवशी गर्दी दुप्पट. महाराजांनी घमेल्यात पांढरं फडकं अंथरलं. "बगा, ह्येच्यावर लाल थेंब दिसला तर नाव बदलीन!"

ससा आपल्या घमेल्यात गेला, बसला, आणि फडकं लाल झालं.

"हडळ परतली!" महाराज ओरडले. "सुनंनंच चोरून गोळी खाल्ली!"

"गोळी न्हाय, बीट. मी न्हाय, सशानं," वैष्णवी म्हणाली. "काल मीच घातलं. बंद केलं की साधं, घातलं की लाल. पटत नसंल तर पुन्हा करून बगा. आन् गोधडीवर जात हुता फिनेलच्या वासानं. तुमी ससे विकत हुता, तुमाला हे ठाव न्हवतं?"

"ठाव कसं नसंल?" मागून गर्दीतले शेजारचे दादासाहेब खेकसले. "माझ्या नातवाला ससा विकताना ह्योच म्हनला हुता, बीट घातलं तर लाल मुतंल, घाबरू नगा!"

महाराजांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. चपला सापडेनात, तसे ते अनवाणीच सटकले.

सिंधुबाईंनी ट्रंक उघडली आणि गोळ्या सुनेच्या हातात दिल्या. "पोरी, आज लाल झालं नसतं तर?"

"तर मी तुमच्या हातनं मेले असते, आत्या," वैष्णवी म्हणाली आणि तिनं गोळी घेतली.

वाचणाऱ्यांनो, काही विपरीत दिसलं की आधी एवढंच विचारा: घरात नवीन काय झालं? खाणं बदललं, धुणं बदललं, जागा बदलली? कळलं नाही तर डॉक्टरला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि डॉक्टरची गोळी बंद करा म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ट्रंकेचं कुलूप तो लावत नाही, आपणच लावतो.