काजपट्टी

कापायच्या टेबलावर निळं कापड पसरलं होतं. खांदा, मुंढा, कंबर, घेर, सगळीकडे खडूच्या रेघा नेमक्या होत्या. फक्त पुढच्या भागाच्या मधोमध काहीच आखलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी ते कापड घडी होऊन कपाटात जायचं आणि पुन्हा बाहेर यायचं.

ड्रेस व्हायचा होता सुनेचा, बेतणारी सासू. घराच्या पुढच्या खोलीतच दोघींचं शिवणाचं दुकान. सासू कापायची, सून शिवायची, आणि सुनेची लेक, जिला सगळे ठमी म्हणायचे, टेबलाखाली चिंध्यांचा संसार मांडायची. दोन वर्षं उलटून गेली तरी ठमी अंगावर पीत होती.

"पुढून उघडा ठेवायचा की मागून?" कापड पसरलं की सासू विचारायची.

"बघू ना, आई. पुढच्या महिन्यात सोडवतेच आहे तिला."

हा पुढचा महिना काही उगवत नव्हता. खरं तर सुनेला सोडवायचंच नव्हतं. दुपारी मशीन थांबलं आणि ठमी कुशीत शिरली, की दोघींनाही बरं वाटायचं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, दोघींना हवंय तोवर खुशाल पाजा. पण घरात हे बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

त्या दिवशी नणंद आली होती. गप्पा रंगल्या होत्या, तेवढ्यात ठमी टेबलाखालून निघाली, आईच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "आई, दुधू. आणि हलू नको हं."

नणंद खो खो हसली. "अगं बाई, काय हा रुबाब! शाळेत जाताना दप्तराबरोबर तुलाही नेणार वाटतं?"

"नेऊ दे की, ताई. बसेन मागच्या बाकावर." सून हसली खरी, पण तिचे कान तापले. नेमकं तेव्हाच सासूने कापड सारखं करत विचारलं, "मग? पुढून की मागून?"

"आई, तुम्हीसुद्धा?" सुनेचा आवाज चढला. "रोज आडून आडून तेच! सोडव म्हणायचं असेल तर सरळ म्हणा ना."

सासूने चष्मा कपाळावर चढवला. "मी कधी गं म्हटलं सोडव? मागून उघडा असला तर पुढचा भाग घडीवर, अखंड कापायचा. पुढून असला तर मधोमध बटणांच्या काजपट्टीला जादा कापड सोडायचं. एकदा कात्री चालली की झालं. म्हणून विचारते बापडी."

"म्हणजे तुम्ही नुसतं कापडाचं विचारत होतात?"

"नाहीतर कशाचं? पाजायचं की नाही ते तुझं तू बघ. या तुझ्या नणंदेला तर चौथं लागलं तरी पाजत होते मी. कोणी आलं की पडद्याआड पळायचो दोघी."

"आई!" नणंद ओरडली आणि पाण्याच्या निमित्ताने आत पळाली.

सुनेला हसू आवरेना. हसण्याने मांडी हलली तशी ठमीने डोळे न उघडताच तिच्या पोटावर एक चापट मारली. सासू खडू हातात धरून उभी होती, उत्तराची वाट पाहत.

"पुढून ठेवा, आई," सून म्हणाली. "मी नाही सोडवणार तिला. तिचं तिला सुटेल तेव्हा सुटेल."