ओला म्हनजे नमस्कार

माही लेक शीला पेरूले जानार म्हनून कळलं, तं राजूरच्या अर्ध्या वस्तीले वाटलं पोट्टी फळं आनायले चालली. शेजारची तानाबाई तं म्हने, "रुखमा, दोन मलेही आन म्हनावं, कमी बियांचे." मी म्हनलं, "अवो बाई, तो देश हाय देश! तुह्या टोपल्यातला पेरू नोहे."

कापसाचे लय वाईट साल होते ते. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की मानसं आधी जीव देल्लेल्या कास्तकाराचं गाव पाहत. शीला बायांच्या संस्थेत कापूस कातायले, विनायले शिकवे. तिकडच्या कापूसवाल्या बायांनी तिले बोलावलं, आपल्या कामाचं सांगायले. मले अभिमान होता, खोटं कायले बोलू?

तयारी काय एक होती! पासपोर्टाचे कागद, पिवळ्या तापाच्या सुईसाठी मुंबईची खेप, त्यानं अंगात आलेली कणकण. तिकडे जूनमधी थंडी असते म्हने. आपल्याकडे मिरग अन् तिकडे स्वेटर, मले तं पटेच ना! मी पासपोर्टासाठी कंबरेची कापडी पिशवी शिवली, जवसाची चटनी कुटली. लोनच्याचं तेल सांडन म्हनून शीलानं लोनचं बाद केलं, त्यावरून आमचं भांडन झालं.

अन् तिकडची भाषा. संस्थेनं एक पुस्तक देल्लं होतं. शीला घर झाडता झाडता घोके, "होला, होला." म्हनजे नमस्कार. मी म्हनायची, "होले कायले बोलावते वो घरात? एक पाखरू तं छपरावर बसूनच असते." मंग संस्थेच्या नागपूरच्या म्याडमनं फोनवर चूक काढली. लिवतात 'ह', पन बोलत नाहीत. होला नाही, ओला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुपात डाळ निवडत होती. शीला आतून म्हने, "ओला."

अन् दारातून कोनीतरी म्हनलं, "कोरडा."

माह्या हातचं सूप सुटलं.

राजदीप माहा पोरगा, शीलाचा लहाना भाऊ. वस्तीमागं बंद पडलेली खदान हाय, पान्यानं भरलेली. पोट्टा चोरून तिथं पोहायले जाये. घरी आला की मी उंबऱ्यात अडवायची, केसाले हात लावून विचारायची, "ओला?" केसातून पानी निथळून राह्यलं असे अन् तो बेशरम म्हने, "कोरडा, माय." रोजचा खेळ होता आमचा. मंग एका दिवशी चौघांनी त्याले उचलून आनलं, अन् मी काही विचारलं नाही.

शीलाले ऐकू आलं नोहतं. मी म्हनलं, "परत म्हन."

"ओला."

"कोरडा." तोच आवाज, नुकता फुटलेला. उंबऱ्यात कोनी नाही, फरशी मात्र भिजलेली. मी सोता म्हनून पाहलं, घसा बसेस्तोवर म्हनलं. काही नाही. तो माह्या बोलावन्याले येत नोहता, बहिनीच्या नमस्काराले येत होता.

भेव वाटलं का? वाटलं ना. पन लेकराचा आवाज होता बाप्पा! रोज दुपारी मी शीलाजवळ बसायले लागली. "घोक, पोरी, घोक. परदेशात बोलायचं हाय." तिले वाटे, माय लय हौशी. मी उंबऱ्यात टावेल ठेवायची अन् उचलायची तं तो चिंब.

जायचा दिवस जवळ आला तशी मी बोटावर दिवस मोजायले लागली. ही गेली तं ओला म्हनन कोन? ती बॅग भरून राह्यलती, तवा मी म्हनलं, "नोको जाऊ, शीला."

"काहून? आता?"

मी सारं सांगून टाकलं. पोट्टी पांढरीफटक पडली, मंग भडकली. "माय, आपन बौद्ध मानसं. आपन भूत मानतो का?"

"मी भूत म्हनलं का? मी राजदीप म्हनलं!"

ती बॅगेपाशीच बसली. लय रडली. मंग उठली अन् बॅगेतलं एकेक काढून पलंगावर ठेवायले लागली. स्वेटर, कंबरेची पिशवी, चटनीचा डब्बा. "नाही जात," म्हने. "रोज म्हनत राहीन तुह्यासाठी." आवाजात जीव नोहता. मी तिच्या तोंडाकडे पाहलं अन् मले माहीच लाज वाटली. एक लेकरू पान्यानं नेलं, अन् दुसरं मी उंबऱ्याले बांधून राह्यलती.

"भर ते परत," मी म्हनलं. "अन् डब्बा कपड्याच्या मधात ठेव, चेपन नाही तं."

सकाळी किसनसिंगचा ऑटो दारात आला. शीला पाया पडली. "येते, माय," म्हने अन् ऑटोत जाऊन बसली.

तिच्या मागून, उंबऱ्यातून, तो आवाज आला. "येतो, माय."

मी चौकट धरली. त्या दिवशी खदानीवर जाताना तो मले सांगून गेला नोहता. सांगतलं असतं तं मी जाऊच देल्लं नसतं. आज सांगून राह्यलता, अन् मले कोनाले अडवायचं नोहतं.

"ये, बाबू," मी म्हनलं. "पन ताईचा हात सोडू नोको. रस्त्यात लय पानी हाय म्हने."