कळसातलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, कागद मात्र जुनेच राहिले. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट असलेली पंचशीला दिवसभर जुन्या छापील कागदांवरचं 'उस्मानाबाद' फुल्या मारून खोडायची आणि वर 'लातूर' टाइप करायची. वर्षभर तेच. शेवटी एका दुपारी तिनं चपराशी साहेबरावला सांगितलं, "मी नोकरी सोडायलेय."

"दुसरी लागली व्हय?"

"न्हाई."

"लगीन ठरलं?"

"न्हाई."

"मंग काय करणार?"

"म्हाईत न्हाई."

साहेबरावनं पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला. बाईला ऊन लागलं, असं त्याला वाटलं.

सोडायची तर तयारी पाहिजे. म्हणून ती रविवारी नातेवाइकांकडं फिरू लागली. बेकार झाल्यावर कोण किती दिवस जेवू घालील, याचा अंदाज घ्यायला. शिरूर अनंतपाळची आत्या म्हणाली, "पाऊस पडल्यावर ये." भोकरची नागुबाई मावशी म्हणाली, "कवाबी ये बाई, पर येताना प्यायचं पाणी घिऊन ये." त्या साली पावसानं दगा दिला होता, त्यामुळं दोघींचा अर्थ एकच.

राहिला बाप. रामकिशन बिलोलीकडं मजुरी करायचा. खानदानात सरकारी नोकरीला लागलेली पंचशीला पहिलीच. त्याला सांगायची तयारी काही केल्या होत नव्हती.

तेवढ्यात मंत्र्यांचा टंचाई पाहणीचा दौरा लागला. कचेरीतली एकुलती एक बाई म्हणून साहेबांनी तिला बोलावलं. "हिरवी साडी नेसून या. डोक्यावर पाण्यानं भरलेला कळस. आणि हसायचं."

"साहेब, पाणी न्हाई म्हणूनच तर ते यायलेत."

"म्हणून काय रिकामा कळस द्यायचा? अपशकुन होतो!"

गावाच्या वेशीवर ऊन रणरणत होतं. मंत्री येईनात. त्यांच्या गाड्यांना वाट मोकळी पाहिजे म्हणून पाण्याचा टँकर मागंच अडवून ठेवला होता, आणि पंचशीलाच्या पाठीमागं गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन त्याची वाट बघत होत्या. पंचशीलाच्या घशाला कोरड पडली. मान अवघडली. हसून हसून गाल दुखायला लागले.

एकदाच्या गाड्या आल्या. मंत्री उतरले. पंचशीलानं कळस खाली घेतला, वरचा नारळ साहेबांच्या हातात दिला, आंब्याची पानं बाजूला केली आणि कळस तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायली. उरलेलं मागच्या म्हातारीला दिलं.

सगळे गार. साहेब नारळ धरून उभे.

मंत्री एकदम हसले. "वा! टंचाई अशी डोळ्यांपुढं कुणी आणली नव्हती!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आता आपल्याला काढतील, राजीनामा लिहायची कटकट वाचली, या आनंदात पंचशीला सोमवारी कचेरीत गेली. साहेबांनी चहा मागवला.

"पुढल्या आठवड्यात दिल्लीचं पथक येतंय. अगदी तसंच प्यायचं. फक्त जरा सावकाश, फोटोवाल्याला सापडलं पाहिजे. आणि नारळ माझ्याकडं नको, साहेबरावकडं द्या."

पंचशीला जागेवर गेली आणि राजीनामा टाइप करून आली. कागदावरचं 'उस्मानाबाद' तिनं तसंच राहू दिलं.

खबर बिलोलीला पोचली. रामकिशन मिळेल त्या एस.टी.नं थेट कचेरीत आला आणि त्यानं साहेबांपुढं हात जोडले. "लेकरू हाय, साहेब. तेवढा कागुद फाडून टाका."

"अहो, मी कुठं काढलंय? पाहुण्यांपुढं पुन्हा एकदा पाणी पिऊन दाखवा, एवढंच म्हणालो."

"पिऊन दाखवायचं?"

"हो."

"तहान नसली तरी?"

"त्यात काय बिघडलं?"

रामकिशनचे जोडलेले हात खाली आले. तरणा होईपर्यंत त्याला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. कुणीतरी वरून पाणी ओतायचं, तो ओंजळ धरून खाली वाकायचा आणि ओतणारे बघत राहायचे.

"साहेब," तो म्हणाला, "आमी पाणी पिताना लोकांनी लई बगून घेतलं. आता बास."

पंचशीलाला घेऊन बाहेर पडल्यावर मात्र स्टँड येईपर्यंत तो पोरीला शिव्या घालत होता. "गाढवे, दुसरी बगून तरी सोडायची!"

"मंग जाऊ का माघारी?"

"गप ऱ्हा!"

पुढं पंचशीला बरेच दिवस बेकार राहिली. बिलोलीकडं जाऊन आईबरोबर रोजगार हमीच्या कामावर माती वाहिली, हाताला फोड आले, आणि नोकरी सोडल्याचा पस्तावाही झाला. बहुतेक भर दुपारी. मग नांदेडला एका टायपिंग क्लासात शिकवायला लागली. पोरांवर खेकसायला मिळायचं, म्हणून तिथं रमली.

रामकिशन मात्र गावात कुणी विचारलं की अजूनही सांगायचा, "पोरगी रजेवर हाय."