अब्बांचा पासवर्ड

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की अल्फियाचे अब्बा आखातातून पनवेलला दोन मिस्ड कॉल द्यायचे. म्हणजे कंप्युटरसमोर येऊन बसा. मग डेस्कटॉपच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा आणि अम्मी, म्हणजे अमिरुन्निसा, नवरा दारात उभा असल्यासारखी पदर सावरायची.

तिथल्या सरकारने इंटरनेटवरून बोलणं बंद केलं होतं. पण सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसातल्या कंप्युटरवर अब्बांनी गुपचूप एक प्रॉक्सी सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यातून बंदी चुकवून बोलता यायचं. सापडलो तर नोकरी गेली, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. "फोनवर यातलं एक अक्षर काढायचं नाही. कोण ऐकत असेल, नेम नाही."

आज मिस्ड कॉल येऊन बराच वेळ झाला, तरी स्पीकर गप्पच. पुन्हा दोन मिस्ड कॉल आले. पुन्हा काही नाही.

"या अल्लाह, धरलं तर नाही ना त्यांना?" अम्मी म्हणाली.

"नाही गं अम्मी. उलट मी काल पासवर्ड बदलला ते बरं झालं," अल्फिया म्हणाली. इंटरनेटवरून बोलायचं अब्बांचं खातं तिनेच उघडून दिलेलं. काल ती त्यात सहज डोकावली, तर शेवटचा वापर नेदरलँड्समधून! अब्बा कुठे आणि नेदरलँड्स कुठे! चोर शिरला म्हणून तिने कंप्युटरच्या क्लासात शिकवल्याप्रमाणे तडक पासवर्ड बदलला. अब्बांना कळवायचं कसं? फोनवर तर बोलायचं नाही. मग या शहाणीने ठरवलं, शुक्रवारी ते कंप्युटरवर आले की सांगू.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ ओवेस न्हावा शेव्याहून ड्युटी करून आला. त्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, प्रॉक्सी म्हणजे तेच असतं! माणूस इथे, पण कंप्युटर दुसऱ्याच देशात असल्यासारखा दिसतो. म्हणून तर त्यांना कोणी अडवत नाही. चोरबीर कोणी नाही, अब्बाच होते ते. आता पासवर्डशिवाय येतील कुठून?"

अल्फियाला रडू फुटलं. "लाव फोन," अम्मी म्हणाली. "ऐकू दे कोण ऐकायचं ते."

फोन लागेना. ओवेस पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिला आणि अल्फिया नखं खात बसली. शेवटी तिकडूनच रिंग आली. या वेळी ती तुटली नाही. अल्फियाने झडप घालून फोन उचलला.

"अब्बा, तो पासवर्ड—"

"बेटा, आधी ऐक. खातं उघडेना, तेव्हाच मी ओळखलं, आपण पकडलो गेलो. स्वतःहून सांगितलं तर सुटेन म्हणून मॅनेजरच्या खोलीवर गेलो, सगळं कबूल केलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं गं. आता घरी पाठवतायत मला, कायमचं. अम्मीला जरा सांभाळून सांग. तू पासवर्डचं काय म्हणत होतीस?"

अम्मी आणि ओवेस तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीच बदलला, अब्बा," अल्फिया म्हणाली.